चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती

शमुवेल,

तरुण संघाच्या पोरांनी मला एक पान दिलं आहे. आपल्या चर्चच्या मंडळीच्या मासिक पत्रकात तुझ्यावर लिहायचं. विषयही त्यांनीच ठरवला: कष्ट आणि सचोटी यांनी ख्रिस्ती माणसाचं समाजात वजन कसं वाढतं. "मास्तर, तुम्हीच लिहा. तुमच्याएवढं त्यायले कोण ओळखत होतं?" असं त्यांचा पुढारी म्हणाला. मी मान हलवली. मान हलवण्यात मी आयुष्यभर तरबेज आहे, हे तुला सांगायला नको.

तुला माती देऊन आज सहा दिवस झाले. पेटी इतकी हलकी होती की खांदा देणारे एकमेकांकडे पाहू लागले. कबरीपाशी पाळकसाहेब म्हणाले, कोणाला साक्ष द्यायची असेल तर पुढे या. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मंडळीचा चिटणीस मी, तुझा बोर्डिंगातला सोबती मी. मी पुढे झालो, घसा साफ केला आणि चार मिनिटं बोललो. तू वेळेचा पक्का होतास, कमी बोलायचास, कामात कुचराई तुला ठाऊक नव्हती, वगैरे. त्यात एक शब्द खोटा नव्हता. एकही शब्द खोटा न बोलता माणसाला फसवायचं, ही माझी खास विद्या आहे. तिच्यापायी एक माणूस जिवानिशी गेला, आणि तुझ्या नावाला जो बट्टा लागला तो तू कबरीत घेऊन गेलास. ते मी तिथं बोललो नाही. तुझी मार्था समोर उभी होती, तिच्याकडे पाहून धीर झाला नाही, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे धीर सात वर्षं झालाच नव्हता.

म्हणून आता लिहितो. पोरांना हवं होतं ते हे नाही.

मिशनच्या बोर्डिंगात आपण एकाच खोलीत झोपायचो. पाठांतरात मी पहिला आणि तू शेवटून दुसरा. पण झाडायची पाळी आली की तू कोपऱ्यातली ट्रंक उचलून तिच्याखाली झाडायचास आणि मी ट्रंकेच्या कडेकडेनं. "ट्रंकेखाली कोण पाहते गा?" मी विचारायचो. "मी पायतो ना," तू म्हणायचास. पुढे मी शाळेत मराठीचा मास्तर झालो आणि तू कळमेश्वरला रंगाईच्या कारखान्यात बॉयलरवर लागलास. बस, सायकल आणि पुन्हा पायी, असा तुझा प्रवास. एवढ्या वर्षांत तुझी एक शिफ्ट चुकली, तीही तुझ्या आईच्या मातीला.

बॉयलरचं मला काय कळणार? पण तू शिकवलंस तेवढं पक्कं आहे. बॉयलरच्या अंगाला एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तीत दिसतं. पाणी उतरलं आणि खाली आग चालूच राहिली, की आतलं लोखंड लाल होतं आणि मग कोणाचं काही चालत नाही. म्हणून दर तासाला काच पाहायची आणि कागदावर नोंद करायची. "पण काच खोटं बोलते गा," तू म्हणायचास. नळीच्या तोंडाशी क्षार साचला की पाणी तिच्यात अडकून बसतं. बॉयलर कोरडा पडला तरी काच अर्धी भरलेली दिसते. म्हणून चांगला माणूस नुसती काच पाहत नाही. तो खालची तोटी उघडून नळी रिकामी करतो आणि पाणी पुन्हा तेवढ्याच जोरानं चढतं का ते पाहतो. दर तासाला, आठ तासांत आठ वेळा. घरातल्या माठाकडेसुद्धा तू संशयानं पाहतोस, असं मार्था तुला चिडवायची.

या तोटीनं तुझं वजन वाढवलं. एक नवा मॅनेजर आला होता. मालाची घाई होती म्हणून त्यानं तुला दाब वाढवायला सांगितलं. तू आवाज न चढवता म्हणालास, "साहेब, मी घरी जातो. तुम्ही चालवा." दाबाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. ही गोष्ट कारखानाभर फिरली. मग युनियनच्या दोन्ही गटांनी निवडणुकीची मतपेटी तुझ्या ताब्यात दिली. कोणाच्या नवराबायकोचं भांडण असो की दोन भावांचा वाद, जेवणाच्या सुट्टीत माणसं तुझ्याकडे येऊ लागली. आधी म्हणायचे, "ख्रिस्ताव हाय, पण सच्चा हाय." काही वर्षांनी त्या वाक्यातला 'पण' गळून गेला. हा फरक मी तरुण संघात फळ्यावर लिहून दाखवला होता. पोरांनो, असा 'पण' आपल्याला आपल्या घामानं पुसायचा आहे, असं म्हणालो होतो. टाळ्या पडल्या. तू मागच्या बाकावर अवघडून बसला होतास आणि प्रार्थना संपायच्या आतच निघून गेलास.

यावरून आपलं भांडण सुरू झालं आणि ते कधी संपलं नाही. दर रविवारी उपासनेनंतर, चर्चच्या कुंपणापाशी, तू सायकलला टेकून आणि मी हातवारे करत.

"हे वजन देवानं तुले दिलं ते काय ट्रंकेत ठेवाले?" मी विचारायचो.

"मी वजनासाठी नाही करत गा. बॉयलर फुटू नये म्हणून करतो."

"आपण मीठ आहो जगाचं!"

"मीठ वरणात इरते मास्तर. दाताखाली आलं की लोक ताट सरकवतात."

मी मग पवित्र शास्त्रातली ती गोष्ट काढायचो. तुरुंगातून उठून राज्याच्या कोठारांवर नेमला गेलेला माणूस, आणि दुष्काळात त्याच्या दाराशी आलेले त्याचे भाऊ. एकाच्या सचोटीनं सगळ्या कुटुंबाचं पोट भरलं, आता बोल! आठवडाभर विचार केलास बहुतेक. पुढच्या रविवारी सायकल लावता लावता म्हणालास, "त्यानं भावायले धान्य देल्लं. कोठाराची किल्ली नाही देल्ली."

मास्तर निरुत्तर झाला की फार वाईट, कारण तो ते विसरत नाही.

आणीबाणीच्या सुमाराला कारखान्यात दुसरी शिफ्ट सुरू व्हायची होती. शेठनं तुला बोलावून सांगितलं, तुमच्यासारखा आणखी एक माणूस द्या, तुमच्याच चर्चमधला दिला तरी मी विचारणार नाही. तू हे मला सहज सांगितलंस. त्याआधी आलेल्या दोघांना तू पंधरा पंधरा दिवस बॉयलरपाशी उभं केलं होतंस आणि परत पाठवलं होतंस. एक तोटी उघडायला कंटाळायचा. दुसरा तोटी उघडायचा, पण पाणी चढायच्या आतच नोंद करून मोकळा व्हायचा. "माणूस मिळून नाही राहिला," तू म्हणालास.

माझ्या घरात माणूस होता. माझ्या बायकोचा, सुशीलेचा, धाकटा भाऊ प्रभुदास. बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट होतं, लग्न ठरलं होतं, नोकरी नव्हती. होती ती गेली होती. एका तेलाच्या गिरणीत तो बॉयलरवरच होता. तिथून त्याला काढलं तेव्हा सासूबाईंच्या रडण्यापायी मी स्वतः मॅनेजरला भेटायला गेलो होतो. त्यानं काही न बोलता प्रभुदासच्या नोंदींचे चार कागद माझ्यापुढे टाकले. मुलांच्या वह्या तपासण्यात माझं आयुष्य गेलं आहे. दहा दिवसांचं शुद्धलेखन एका बैठकीत लिहिलं की ते कसं दिसतं हे मला लांबूनही कळतं. तीच शाई, तोच कल, शेवटी शेवटी दमलेला हात. आठ तासांच्या नोंदी शिफ्टच्या सुरुवातीलाच बसून लिहिलेल्या होत्या. मी कागद परत दिले, नमस्कार केला आणि घरी येऊन सुशीलेला सांगितलं की मॅनेजर खडूस आहे.

हे मला माहीत होतं, शमुवेल. आणि हे माहीत असताना मी मंडळीच्या कागदावर चिठ्ठी लिहिली. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता खाली सही केली. सदर तरुण मंडळीचा नियमित सभासद असून निर्व्यसनी, सुस्वभावी व मोठ्यांचा मान राखणारा आहे. सगळं खरं. तो दारू पीत नव्हता, विडी ओढत नव्हता, माझ्याशी वर मान करून बोलत नव्हता. गिरणीबद्दल चिठ्ठीत काहीच नव्हतं. का लिहिली? सासूबाईंचं रडणं होतं, सुशीलेचा अबोला होता, हे खरं. पण त्याहून मोठं कारण असं की मला माझा फळा खरा करायचा होता. एक शमुवेल म्हणजे योगायोग. दोन झाले की लोक म्हणतील, ही माणसंच अशी असतात. तुला न विचारता मी तुझ्या घामावर आमचं दुकान थाटायला निघालो होतो.

आणि तू! दर तासाला काचेवर संशय घेणारा तू, चिठ्ठी वाचून घडी केलीस आणि खिशात घातलीस. प्रभुदासला दोन दिवस जवळ उभं केलंस आणि तिसऱ्या दिवशी दुपारची शिफ्ट त्याच्या हवाली केलीस. मी विचारलं, पंधरा दिवस नाही का पाहणार? तू हसलास. "तुयं अक्षर हाय ना गा. अजून काय पाहू?"

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. त्या कुंपणापाशी, त्याच मिनिटाला. मी म्हणालो, "देव तुझं भलं करो."

अकरा महिने काही झालं नाही. मला वाटू लागलं होतं की पोरगा सुधारला, आणि मीच त्याला उगाच नावं ठेवत होतो. मग एप्रिलमध्ये एका दुपारी चारच्या सुमाराला ते झालं. काच अर्धी भरलेली दिसत होती. आत पाणी पार तळाला गेलं होतं. प्रभुदास फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पीत होता. भट्टीत कोळसा टाकणारा वामन खोरं घेऊन तोंडाशी उभा होता. बॉयलरच्या पोटातली लोखंडी नळी फुटली, आणि वाफ व उकळतं पाणी भट्टीच्या दारातून सरळ त्याच्या अंगावर आलं. तो उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातला होता. घरचा माग बंद पडला म्हणून कारखान्यात आलेला, चोवीस वर्षांचा. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेला. तू ते तिन्ही दिवस त्याच्या खाटेपाशी होतास. मी एकदा दारापर्यंत आलो आणि वास आला तसा परत फिरलो.

भिंतीवरचा नोंदीचा कागद तपासणीच्या साहेबांनी उतरवून घेतला. तू मला नंतर सांगितलंस की चार वाजता बॉयलर गेला आणि कागदावर रात्री दहापर्यंतच्या नोंदी होत्या. काच अर्धी, काच अर्धी, काच अर्धी.

वामन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू माझ्या घरी आलास. बसला नाहीस. सुशीला पाणी घेऊन आली, ते तिच्या हातातच राहिलं. तू फक्त एवढंच विचारलंस, "तुले मालूम होतं का गा?"

मी म्हणालो, "नाही."

इतकी वर्षं मी गाळून, झाकून, वळवून बोलत आलो. हे एवढंच निखालस खोटं, आणि ते मी तुझ्या तोंडावर बोललो. "बरं," म्हणालास आणि गेलास.

चौकशीत साहेबांनी विचारलं की या माणसाची शिफारस कोणी केली. चिठ्ठी तुझ्या घरी होती, घेऊन जाता आली असती. तू म्हणालास, "माणूस मी आणला. कसोटी मी घेतली नाही." एवढंच लिहून घेतलं गेलं. मग कारखान्यात बोलणं सुरू झालं: ख्रिस्तावानं ख्रिस्ताव भरला. त्याला मालूम होतं, मालूम असून घेतला. ज्यांनी तुझ्याकडे मतपेटी ठेवली होती त्यांनीच फाटकावर तुला अडवून विचारलं की आमच्या माणसाचा जीव तुमच्या जातभाईच्या नोकरीपेक्षा स्वस्त होता का. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. महिन्याभरात तुझं सर्टिफिकेट अडकलं आणि शेठनं हात जोडून तुला कामावरून कमी केलं. ज्याला मी वजन म्हणत होतो ते जमायला चौदा वर्षं लागली होती आणि जायला एक आठवडा. फळ्यावर हे लिहून दाखवायला मी गेलो नाही.

आपली मंडळी तरी कुठं वेगळी? मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे पंचांच्या, सभेत कोणी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललं नाही. फक्त पुढच्या वर्षी वडील म्हणून तुझं नाव कोणी सुचवलं नाही. त्या सभेचं इतिवृत्त माझ्या हातचं आहे. श्री. शमुवेल यांचं नाव यंदा पुढे आलं नाही, असं मी लिहिलं आणि खाली सही केली. बायका मार्थेशेजारी बसताना एक जागा सोडून बसू लागल्या. तेही मी पाहिलं.

मग तू नागपूरच्या इतवारी बाजारात एका घाऊक भांड्यांच्या दुकानात लागलास. पितळी भांडी गवतात गुंडाळून पेटाऱ्यात भरायची आणि हातगाडीवर चढवायची. मी एकदा तिथून जाताना तुला पाहिलं. एकात एक बसणारी गंज-पातेली तू पुसून, हात फिरवून, पोचा आला आहे का ते पाहून भरत होतास. बाकीचे दोघं भराभर टाकत होते. दोन वर्षांत तिथल्या शेठजीनं दुकान उघडायचं काम तुझ्याकडे दिलं. आणखी एखादा असाच माणूस पाहून द्या, असं त्यानंही म्हटलं. तू त्याला काय उत्तर दिलंस ते मार्थेनं सुशीलेला सांगितलं होतं. "माणसं नाही माझ्यापाशी शेठजी. मी आहो तेवढा."

मी कुंपणापाशी येत राहिलो. तूही येत राहिलास. पाऊसपाणी, पोरांच्या परीक्षा, कोराडीच्या वीजघराच्या राखेनं तुझ्या बहिणीच्या घरचे वाळत घातलेले कपडे कसे काळे होतात, हे सगळं बोललो. वजनाचं भांडण मी पुन्हा काढलं नाही आणि तूही नाही. सुशीलेच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त लागलं तेव्हा न बोलावता आलास आणि बाही वर केलीस. प्रभुदासच्या बहिणीला तुझं रक्त चढत होतं आणि मी बाकड्यावर बसून मनात म्हणत होतो की आता तरी सांग, आता तरी. नर्स आली, तुला चहा दिला, आणि ती वेळही गेली. मला तुझा रागही यायचा. एकदा गचांडी धरून विचारलं असतंस तर मी बोललो असतो. तू विचारायचं सोडून दिलंस आणि मला माझ्यापाशीच ठेवलंस. प्रभुदास रायपूरला आहे. दोन मुलं आहेत. दर नाताळाला कार्ड पाठवतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तू कुंपणापाशी थांबायचा नाहीस. उमरेडच्या बसला जायचास, वामनच्या आईकडे. पहिल्यांदा गेलास तेव्हा तिनं दार लावून घेतलं, एवढं मला कळलं होतं. पुढे काय होत होतं ते मी विचारलं नाही. येतो का, असं तूही कधी म्हणाला नाहीस. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात आलो तेव्हा तुझा आवाज पार बसला होता. माझं मनगट धरून तू म्हणालास, "उमरेडले निरोप दे. म्हणावं, आता येणं होत नाही." मी हो म्हणालो. तुला आणखी काही बोलायचं आहे असं मला वाटलं, म्हणून मी घाईनं उठलो.

काल गेलो. पाच दिवस टाळलं आणि काल गेलो. वामनची आई, अनुसयाबाई, ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. बारीक अंगाची बाई, डोळ्यांना जाड चष्मा. मी नागपूरचा, शमुवेलकडून आलो, एवढं म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"गेला का तो?"

मी मान हलवली.

"दोन महिने आला नाही, तवाच समजली मी." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग आपणच सांगू लागल्या. पहिलं वर्षभर त्यांनी तुला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. तू ओसरीच्या कडेला बसायचास, तासभर, आणि जायचास. एका रविवारी घरामागचं न्हाणीघर खचलेलं दिसलं, तर न विचारता बांधायला लागलास. पुढच्या महिन्यात ते पुरं केलंस. "म्या म्हटलं, काहून करून राहिला गा हे? माहा पोरगा परत येते का यानं? तो म्हणे, नाही येत माय. भिंत पडून राहिली होती म्हणून करून राहिलो." त्या दिवशी त्यांनी तुला पहिल्यांदा जेवू घातलं.

मी तिथं तोंड उघडलं. कसं उघडलं ते मला आठवत नाही. म्हणालो, बाई, तो माणूस शमुवेलनं स्वतःच्या मर्जीनं आणला नव्हता. त्याच्याकडे चिठ्ठी आली होती. ती चिठ्ठी...

"तुमी लिवली होती," त्या म्हणाल्या. "मास्तर ना तुमी?"

त्यांनीच मला पाट सरकवला.

"तो गेला होता ना त्या तेलाच्या गिरणीत, इचाराले. पोरगा गेला त्याच महिन्यात. तिथल्या साहेबानं सांगतलं त्याले, एक मास्तर येऊन सारं पाहून गेला म्हणून." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्या म्हटलं, नाव सांग मले त्याचं. मी येतो नागपूरले, चपलेनं मारतो. तो म्हणे, नको माय. तो येईल. आपल्याच पायानं येईल अन् सांगल. मी ओळखतो त्याले."

तर तुला माहीत होतं. माझं "नाही" खोटं आहे हे तुला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं, आणि तू सात वर्षं माझ्याशी पाऊसपाण्यावर बोलत राहिलास. वरून तिच्यापाशी माझी हमी घेतलीस. दुसऱ्यांदा, शमुवेल! एकदा तोंड पोळून घेतल्यावर कोणी असं करतं का? मी ओसरीवर बसून एवढ्या मोठ्यानं रडलो की शेजारची बाई डोकावून गेली. अनुसयाबाईंनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही.

मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. गिरणीतले कागद, चिठ्ठी, कुंपण, तो प्रश्न आणि माझं उत्तर. त्या ऐकत होत्या, मधेच एखादा खडा उचलून टाकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या मंडळीत सांगतलं हे?"

"नाही."

"कारखान्यातल्या लोकायले?"

"नाही."

"मंग मले काहून सांगून राहिले?" त्यांचा आवाज चढला नाही. "मले तर मालूमच होतं. तो मेला तरी ते लोक त्यालेच नाव ठेवून राहिले ना? जा. त्यायले सांगा."

त्या उठून आत गेल्या. जेवायला थांबा म्हणाल्या नाहीत. परतीच्या बसला गर्दी होती, रात्री उभ्यानं आलो आणि आज सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलो.

शमुवेल, आता पुढच्या ओळी तुझ्यासाठी नाहीत. पत्रकाच्या प्रती मी कळमेश्वरच्या फाटकावरही नेऊन देणार आहे, म्हणून साध्या भाषेत लिहितो.

बंधुभगिनींनो, वामनचा जीव ज्या चिठ्ठीनं गेला ती मी लिहिली होती. तो माणूस न पाहता नोंदी करतो, हे लिहिताना मला माहीत होतं. शमुवेलनं विचारलं तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोललो. तुम्ही त्याला नावं ठेवलीत तेव्हा मी तिथंच होतो. चिटणीसपद मी आजपासून सोडलं आहे. ज्या सभेत त्याचं नाव गळलं त्या सभेच्या इतिवृत्तात एक ओळ वाढवायची आहे. ती पुढच्या चिटणीसानं लिहावी, माझ्या हातानं नको: चिठ्ठी घेतली तेव्हा शमुवेलला काही माहीत नव्हतं.